शेंगदाणा, अक्रोड आणि कॅलरीमापी: धुराडं बसवल्यानंतरच्या नोंदी

कॅलरीमापी म्हणजे पदार्थ जाळून वरच्या डब्यातलं पाणी किती तापतं, यावरून त्यातली ऊर्जा मोजायचं साधन; माझं घरगुती आहे. मागच्या वेळी उघड्या ज्योतीवर शेंगदाणा जाळून ग्रॅमला २.१८ किलोकॅलरी मिळाल्या होत्या. पाकिटावर १०० ग्रॅमला साधारण ५६७ लिहिलेलं असतं, म्हणजे ग्रॅमला ५.६७. तेव्हा त्या आकड्याशी तुलना केली, ती चूकच होती. पाकिटावर असते ती शरीराला मिळणारी ऊर्जा. ज्वलनात प्रथिनं ग्रॅमला सुमारे ५.६५ किलोकॅलरी देतात. शरीरात त्यांतला नायट्रोजन युरियाच्या रूपात बाहेर पडतो आणि आपल्या वाट्याला ४ च्या आसपास येतात. स्निग्धांशाला ९.४ आणि कर्बोदकांना ४.१५ धरून हिशेब केला, तर शेंगदाणा ग्रॅमला ६.७ च्या जवळ जातो; हे त्याचं ज्वलनमूल्य, म्हणजे पूर्ण जळल्यावर मिळणारी उष्णता. आता तुलना याच आकड्याशी.

या वेळचा मुख्य बदल म्हणजे धुराडं. मोठ्या पत्र्याच्या डब्याचा तळ कापला, खालच्या कडेला आठ भोकं पाडली आणि पाण्याचा अॅल्युमिनियमचा डबा त्यात वरून लटकवला. दुसरा बदल तापमानाचा. खोली २७ अंशांवर असताना पाणी आधी थंड करून १८.४ वर सुरू केलं, ते ३६.० वर थांबलं. सुरुवातीला पाणी खोलीतून जेवढी उष्णता घेतं, जवळपास तेवढीच शेवटी परत देतं. ही उष्णतेवर प्रयोग करणाऱ्या रमफर्ड या शास्त्रज्ञाची जुनी युक्ती, आणि फुकटात मिळणारी एवढी चांगली सुधारणा दुसरी नाही.

पाणी १०० ग्रॅम, डबा १४ ग्रॅम. डब्याची उष्णताधारकता पाण्यात मिळवली की अंशाला १०३ कॅलरी. शेंगदाणा सुईवर रोवून पेटवला. आधी नुसता तेलकट धूर आला, मग ज्योत एकदम स्थिर झाली आणि साल तडतडली. जळालेलं वजन ०.५१ ग्रॅम, वाढ १७.६ अंश, म्हणजे ग्रॅमला ३.५५. पुढच्या दोन फेऱ्यांत ३.४१ आणि ३.६२. सरासरी ३.५३, ज्वलनमूल्याच्या ५३ टक्के. आधी हेच ३३ टक्क्यांच्या आत होतं. आकडे एकमेकांच्या इतके जवळ आले, याचा आनंद टक्केवारीपेक्षाही जास्त झाला.

मग वाटलं, हाच ५३ टक्क्यांचा गुणक अक्रोडालाही लावता येईल. अक्रोडाचं ज्वलनमूल्य ७.५ च्या आसपास, म्हणजे ४.० यायला हवे होते. आले ३.४१ (०.४८ ग्रॅम, वाढ १५.९ अंश). शेंगदाण्यापेक्षाही कमी!

कारण डब्याच्या तळाशी होतं: बोट लावलं की मखमलीसारखी काळी काजळी. डबा आधी आणि नंतर तोलला तर ०.०३ ग्रॅम जास्त भरला. शेंगदाण्याच्या वेळी ०.०१. या जादा ०.०२ ग्रॅम काजळीला कार्बन समजून ग्रॅमला ७.८ किलोकॅलरी धरल्या, तर अपेक्षेपेक्षा कमी पडलेल्या उष्णतेतला साधारण निम्मा भाग इथेच सापडतो, बाकीची काजळी धुरातून वर गेली असणार. माझा काटा ०.०१ ग्रॅमचाच, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे, पण दिशा स्पष्ट आहे: जास्त तेलकट पदार्थाला हवा कमी पडते, आणि एका पदार्थावरून काढलेला गुणक दुसऱ्याला चालत नाही. बॉम्ब कॅलरीमापीत, म्हणजे पदार्थ घट्ट बंद भांड्यात जाळणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कॅलरीमापीत, ३० वातावरण दाबाचा ऑक्सिजन का भरतात, ते आता हातानं समजलं.

पुढच्या फेरीत भोकं दुप्पट करणार आहे आणि अक्रोडाचे तुकडे ०.२ ग्रॅमचे घेऊन एकामागून एक जाळणार आहे. कोळशासारखा उरणारा भागही वेगळा तोलीन. तो कच्च्या दाण्याएवढाच उष्णतेचा धरणं बरोबर नाही.