चार हजारांत गेमिंग हेडसेट घेताना

माझं बजेट चार हजार होतं. डेस्कटॉपवर व्हॅलोरंट, मोबाइलवर बीजीएमआय हे नेमबाजीचे गेम, डोळ्यांना चष्मा, डोक्यावर फुल स्पीडचा पंखा. मॉडेलं बघण्याआधी एवढं कागदावर लिहून काढलं, आणि निम्मी निवड तिथेच झाली.

पहिला प्रश्न पिनचा. डेस्कटॉपच्या मागे हिरवं आणि गुलाबी अशी दोन सॉकेट असतात. हिरव्यातून आवाज बाहेर येतो, गुलाबीत माइक जातो. हल्लीच्या बहुतेक वायरच्या हेडसेटला मात्र एकच ३.५ मिमीची पिन असते आणि तिच्यावर तीन रेघा असतात. म्हणजे पिनचे चार भाग: डावा कान, उजवा कान, ग्राउंड आणि माइक. ही पिन नुसती हिरव्यात खुपसली तर गेम ऐकू येतो, पण आपलं बोलणं टीममध्ये कुणालाच पोचत नाही. हेडसेट खराब निघाला असं समजून लोक तो परत करतात, ते बऱ्याचदा यामुळेच. त्याला वाय-स्प्लिटर लागतो: एका टोकाला एक सॉकेट, दुसऱ्या टोकाला दोन पिना. दुकानात अगदी तसाच दिसणारा, पण एक पिन आणि दोन सॉकेटवाला स्प्लिटरही मिळतो. तो एका फोनवर दोघांनी गाणी ऐकण्यासाठी असतो, इथे त्याचा उपयोग नाही. लॅपटॉपला बहुधा एकच जोड-सॉकेट असतं, तिथे पिन थेट चालते.

माझ्या मोबाइलला ३.५ मिमीचं सॉकेटच नाही. त्यासाठी टाइप-सीचा छोटा अडॅप्टर घेतला, पण आत डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप, असलेला. डॅक नसलेला स्वस्त अडॅप्टर काही मोजक्याच फोनवर चालतो, बाकीच्यांवर आवाजच येत नाही. कन्सोलवाल्यांसाठी एवढंच: पीएस५ ला यूएसबी हेडसेट चालतो आणि कंट्रोलरलाही ३.५ मिमीचं सॉकेट आहे. एक्सबॉक्सला पीसीचा साधा यूएसबी हेडसेट चालत नाही. खोक्यावर एक्सबॉक्सचं नाव बघूनच घ्यावा, नाहीतर कंट्रोलरच्या सॉकेटात वायर लावावी.

वायरलेसचा मोह मलाही होता. पण ब्लूटूथ गेमिंगला नकोच. साध्या ब्लूटूथवर आवाज १५०-२०० मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणजे शत्रूची पावलं ऐकू येईपर्यंत तो कोपरा ओलांडून आलेला असतो. शिवाय माइक चालू केला की ब्लूटूथ फोन-कॉलच्या मोडमध्ये जातं आणि सगळा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. डोंगलवर, म्हणजे यूएसबीत लावायच्या छोट्या रिसीव्हरवर, चालणारे २.४ गिगाहर्ट्झचे हेडसेट चांगले असतात. पण चार हजारांत तो घेतला तर त्यातले बरेच पैसे बॅटरी आणि रेडिओवरच जातात, आवाज आणि माइकसाठी थोडेच उरतात. म्हणून मी वायर निवडली. डोंगलवाला घेणाऱ्यांनी एक करावं: डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टाला चिकटून लावू नये. त्या पोर्टांचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि आवाज मध्येच तुटतो. यूएसबीची छोटी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर आणला की बहुतेक वेळा हे थांबतं.

खोक्यावरच्या तीन गोष्टी मी सोडून दिल्या. ५० मिमी ड्रायव्हर (कानातला छोटा स्पीकर) ४० मिमीपेक्षा चांगला असतोच असं नाही. मोठा म्हणजे स्पष्ट नव्हे. ७.१ सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येतोय असा भास, या किमतीत सॉफ्टवेअरचा खेळ, आत दोनच ड्रायव्हर असतात. व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एचआरटीएफ, म्हणजे दोन कानांतच आवाजाची दिशा कळवणारी सोय, स्वतंत्र आहे. ते आणि ७.१ एकत्र चालू ठेवलं तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि दिशा फिसकटते. मी एचआरटीएफ चालू, बाकी सगळं बंद ठेवतो. तिसरी गोष्ट दिवे. कित्येक स्वस्त हेडसेटना यूएसबी प्लग असतो, पण तो फक्त दिव्यांना वीज द्यायला. आवाज ३.५ मिमीच्या पिनेतूनच जातो. यूएसबी दिसलं म्हणून आत साउंड कार्ड, म्हणजे आवाजाचं स्वतःचं सर्किट, आहे असं धरू नये.

हेडसेट डोक्यावर कसा बसतो ते ऑनलाइन कळत नाही, म्हणून दुकानात गेलो. आधी पट्टीने कान मोजला: उंची ६५ मिमी. हेडसेटच्या कानावरच्या उशीचं आतलं भोक त्याहून लहान असेल तर उशी कानावर टेकते आणि अर्ध्या तासात कान दुखतो. मग चष्मा लावून पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवला. चष्म्याच्या काडीमुळे उशी आणि गालामध्ये फट राहते आणि बास गळतो. मऊ, जाड उशी ती फट बऱ्यापैकी भरून काढते. वजन ३०० ग्रॅमच्या आतच हवं. रेग्झीनची उशी बाहेरचा आवाज चांगला अडवते, पण घाम धरते आणि मुंबई-कोकणातल्या दमट हवेत लवकर सोलपटते. कापडी उशीत कान गार राहतात, आवाज थोडा बाहेर जातो. पंखा आणि कुकरच्या शिट्ट्या लक्षात घेऊन मी रेग्झीन घेतलं, पण सुट्या उश्या मिळतात याची खात्री करूनच. ओपन-बॅक, म्हणजे मागून जाळीसारखे उघडे हेडफोन शांत खोलीत फार छान वाटतात, आमच्या घरी त्यांचा निभाव लागला नसता.

माइकची परीक्षा मोबाइलच्या रेकॉर्डरवर, तीही दुकानातला पंखा चालू असताना. माइक ओठांसमोर न धरता तोंडाच्या कडेला दोन बोटांवर ठेवला की फूत्कार येत नाहीत.

घरी लावल्यावर कानात बारीक गुणगुण आली. कॅबिनेटच्या पुढच्या सॉकेटाची वायर मदरबोर्डावरून, ग्राफिक्स कार्डाजवळून जाते आणि तिथला गोंगाट उचलते. मागच्या सॉकेटात लावल्यावर गुणगुण कमी झाली, यूएसबी साउंड कार्ड लावल्यावर पूर्ण गेली. तुमच्याकडे तरीही राहिली तर स्विचबोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. लॅपटॉपवर चार्जर काढल्यावर गुणगुण थांबली, तर दोष चार्जरकडून येतोय.

विंडोजमध्ये एक जागा हटकून बघावी. साउंडच्या जुन्या पॅनेलात कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचं तिथे आधीच निवडलेलं असतं. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर बोलताना गेमचा आवाज बसतो तो यामुळे. तिथे ‘डू नथिंग’ निवडा.

हिशेब असा: स्प्लिटर, अडॅप्टर आणि साउंड कार्ड मिळून सातशेच्या आसपास, उरलेल्यात हेडसेट. खोकं आणि जीएसटीचं बिल परतीची मुदत संपेपर्यंत तसंच ठेवलं, आणि त्या दिवसांत रोज दोन तास सलग वापरून बघितला. वायर बहुधा पिनेच्या गळ्याशीच तुटते, म्हणून काढताना वायर न ओढता पिन धरून काढतो.