तुम्ही विचारलंत म्हणून : विषय आहे, पण प्रश्न कुठून आणू?

डिझर्टेशनचे, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाचे दिवस आले की फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाची मुलं मला फोन करतात आणि थोड्याफार फरकाने एकच विचारतात. “मॅडम, विषय ठरलाय. पण गाईड म्हणतात, यात प्रश्नच नाही. प्रश्न कुठून आणू? आणि मुलाखती घेऊ की सर्व्हे करू?” त्यांच्या आईवडिलांचं विचारणं वेगळं असतं : कपडे करायला शिकायला पाठवलं, त्यात संशोधन कसलं आलंय? फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगत असते, ते आज सलग लिहून टाकते.

पद्धतीची काळजी आधी करू नका. आधी उत्तर कुणापाशी आहे ते शोधा. ते कापडापाशी असेल, नेसणारीपाशी असेल, शिवणारीपाशी असेल, नाहीतर जुन्या कागदांत असेल. ते कळलं की पद्धत ठरवायला फारसं डोकं लागत नाही. पण उत्तर कुणापाशी आहे हे कळायला प्रश्न नेमका लागतो, आणि मुलं अडतात ती तिथेच.

माझ्या एका विद्यार्थिनीचंच उदाहरण घेते. ती विषय घेऊन आली तो असा : ‘आधुनिक काळात नऊवारीचे स्थान : एक अभ्यास’. शीर्षकात ‘स्थान’, ‘महत्त्व’, ‘प्रभाव’ यांपैकी काही दिसलं की मी सावध होते. त्याखाली काहीही लिहिलं तरी खपतं. ‘नऊवारीला आजही मानाचं स्थान आहे’ हे वाक्य तिने घराबाहेर पाऊल टाकायच्या आधीच लिहून ठेवलेलं होतं. मग सहा महिने करायचं काय? त्या वाक्याला फोटो चिकटवायचे? ज्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं येऊच शकत नाही तो माझ्या लेखी प्रश्न नव्हे, ती प्रस्तावना.

मी तिला विषय बाजूला ठेवायला सांगितला आणि विचारलं, नऊवारीच्या बाबतीत तुला न कळलेलं काय आहे? बराच वेळ गेला. मग म्हणाली, माझी मावशी मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये आहे. श्रावणात त्यांचे खेळांचे कार्यक्रम असतात. मावशीकडे आजीची दोन चांगली लुगडी आहेत, ती डोळे मिटून नेसू शकते, दुसऱ्यांनाही नेसवते. तरी कार्यक्रमाला मात्र दादरहून आणलेली शिवलेली नऊवारी घालते. का, ते मला कळत नाही.

बसल्या जागी प्रश्न मिळाला. शिवलेल्या नऊवारीबद्दल आपण सगळे दोन कारणं ठोकून देतो : मुलींना नेसता येत नाही, आणि वेळ नसतो. मावशीला नेसता येत होतं. वेळही होता, कारण ती दुसऱ्यांना नेसवत होती. माणसाला येतं एक आणि तो करतो दुसरं, अशी जागा दिसली की तिथे थांबावं. फॅशनमध्ये अशा जागा रग्गड आहेत. फॅशनकडे उथळ म्हणून बघणाऱ्यांना त्या दिसत नाहीत, आणि दुर्दैवाने फॅशन शिकणाऱ्यांनाही ट्रेंड फोरकास्टच्या, म्हणजे पुढे काय चालेल याचे अंदाज बांधायच्या नादात दिसत नाहीत.

मग प्रश्न आवळायचा. सगळा महाराष्ट्र नको, सगळ्या वयाच्या बायका नकोत. ठाणे-डोंबिवलीकडचे मंगळागौरीचे गट, आणि त्यातही नेसता येत असूनही शिवलेली घालणाऱ्या बायका. शेवटी कागदावर आलं ते असं : काष्टा जे काम करतो, त्यातलं कोणतं काम शिवल्यावर शिवणीकडे जातं आणि कोणतं सुटतं, आणि जे सुटतं त्याची या बायकांना उणीव वाटते का? शीर्षक म्हणून हे आकर्षक नाही. पण यात ‘नाही, वाटत नाही’ असं उत्तर येऊ शकतं, म्हणून मला ते आवडलं.

आता पद्धत. पहिलं उत्तर कापडात होतं, म्हणून तिला एक शिवलेली नऊवारी विकत घ्यायला लावली आणि उसवायला सांगितली. टाका टाका, फोटो काढत. (तिच्या आईने या खर्चाबद्दल मला बराच काळ माफ केलं नव्हतं.) वस्तूवरून संस्कृती कशी वाचायची यावर येल विद्यापीठाच्या जूल्स प्राउन यांनी १९८२ साली एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या : आधी नुसतं वर्णन, मग त्या वस्तूशी आपला संबंध आला की काय जाणवतं आणि कळतं ते, आणि सगळ्यात शेवटी तर्क. क्रम महत्त्वाचा. आपली मुलं पहिल्या पानावरच तर्काला बसतात : ‘काष्टा हे स्त्रीच्या स्वातंत्र्याचं प्रतीक.’ असेलही बाई, पण आधी तो किती इंच रुंद आहे ते लिही.

तिने लिहिलं. नेसायची नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटरचं अखंड कापड. कुठेही कात्री नाही. तिने उसवलेल्या नगात मात्र दोन पाय पँटसारखे कापलेले होते, आसनाला (दोन पाय वर जिथे जुळतात तिथे) जोड होता, निऱ्या आधीच घालून नेफ्यात शिवलेल्या होत्या, कमरेला अर्ध्यात इलॅस्टिक आणि अर्ध्यात नाडी होती. आणि मागचा काष्टा वेगळा दुमडून कमरेला टाचलेला. म्हणजे जो काष्टा दोन पायांमधून मागे जाऊन सगळं वस्त्र धरून ठेवतो, तो इथे काहीच धरत नव्हता. वजन आसनाच्या शिवणीवर होतं आणि काष्टा मागे नुसता शोभेला. हे कुठल्याही मुलाखतीत कुणी सांगितलं नसतं. घालणारीला ते माहीत नसतं आणि शिवणारीला ते सांगण्यासारखं वाटत नाही.

कापड यापुढे बोलत नाही. उणीव वाटते का, हे नेसणारीलाच विचारायला हवं. इथे मुलं गुगल फॉर्म काढतात. ‘तुम्हाला नऊवारी आवडते का? हो / नाही / सांगता येत नाही.’ व्हॉट्सॲपवर फिरवतात, मैत्रिणी भरतात, आणि मग पाय चार्ट. किती जणी, किती वेळा, किती रुपयांना असले प्रश्न असतील तर सर्व्हे जरूर करा, पण मग नमुना, म्हणजे कुणाकुणाला विचारायचं ते, नीट निवडा. ‘का’ विचारायला फॉर्मचा काही उपयोग नाही.

सोफी वुडवर्ड या ब्रिटिश अभ्यासिकेने लंडन आणि नॉटिंगहॅममधल्या बायकांच्या कपाटांचा अभ्यास केला, सकाळी कपाटापुढे उभं राहून त्या काय घालायचं कसं ठरवतात याचा. ही पद्धत आपल्याकडे फार चांगली चालते, कारण आपल्या बायका कपाट उघडलं की बोलतात. नुसत्या समोर बसवून विचारलंत तर परंपरा, संस्कृती, पुढच्या पिढीला वारसा असं ऐकायला मिळेल, जे त्या टीव्हीच्या माइकपुढेही सांगतात. कपाटातली घडी हातात आली की बोलणं बदलतं. ही कुणाची, कधी घेतली, शेवटची कधी नेसलीत, कुणी नेसवली, कुठे फाटली.

तिने एक प्रश्न स्वतःहून घातला होता, आणि माझ्या मते सगळ्या अभ्यासाचा कणा तोच ठरला : कार्यक्रमाच्या दिवशी बाथरूमला जायचं झालं तर काय करता? बायका आधी हसायच्या आणि मग भरभरून बोलायच्या. दुपारपासून पाणीच न पिणाऱ्या होत्या. हॉलच्या ओल्या बाथरूममध्ये काष्टा सोडून पुन्हा घालायचा, तेही नाचाच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये, हे किती कठीण आहे याची वर्णनं आली. मावशीचंही मुख्य कारण हेच निघालं. तिने भाचीला ते याआधी कधी सांगितलं नव्हतं, कारण भाचीने विचारलंच नव्हतं. ‘वेळ वाचतो’ हे त्याचं चारचौघांत सांगण्याजोगं रूप होतं.

तरीही माणसं सांगतात ते आणि करतात ते यात अंतर असतं, म्हणून मी तिला ग्रीनरूममध्ये घड्याळ घेऊन बसवलं. शिवलेली पाच मिनिटांत होते, असं प्रत्येकीने सांगितलं होतं. पाय घालायला वेळ लागत नव्हता हे खरं. पण मग पदर पिनांनी बसवणं, सैल कंबर आवळणं, शोभेचा काष्टा फुगडीत सुटू नये म्हणून त्याला आतून पिना मारणं यात बऱ्यापैकी वेळ जात होता. सूप फुगडीला आणि पिंग्याला कुठे ओढ बसते, बसफुगडीला आसन कुठे काचतं, हे तिने रेखाटून ठेवलं. अशा ठिकाणी फोटोची परवानगी आधी, लेखी आणि प्रत्येकीची वेगळी घ्यावी. गटाच्या ताईंनी हो म्हटलं म्हणजे सगळ्यांनी म्हटलं असं होत नाही, आणि कपडे बदलायच्या खोलीत तर कॅमेरा बॅगेतच राहू द्यावा. तिने तिथे हाताने चित्रं काढली. तीच पुढे सगळ्यात कामाला आली.

शिवणाऱ्या ताईंकडे मी तिला प्रश्नावली न देता पाठवलं. ऐन हंगामात त्यांना मुलाखतीला वेळ नसतो. हाताखाली काज-हुक करायला कुणी मिळालं तर हवं असतं. मशीनशेजारी बसून काम करता करता तिला जे कळलं त्यातली माझी आवडती गोष्ट अशी : ताई कमरेला नेहमीपेक्षा जास्त माया (शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड) ठेवत, पुढच्या वर्षी गिऱ्हाईक जाड होऊन येणार हे धरून. लुगड्याला हा हिशोब करावा लागत नव्हता. नेसायचं वस्त्र दर वेळी अंगाप्रमाणे बसतं. आईचं मुलीला होतं, गरोदरपणात चालतं, आणि विरलं की गोधडीत जातं. शिवलेल्याला साइज असते. जे सुटतं ते हेच, आणि ते काष्ट्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. प्रश्न थोडा बदलावा लागला, तो आम्ही बदलला. प्रश्न मधेच बदलला म्हणून घाबरू नका. कधी आणि का बदलला ते लिहून ठेवा म्हणजे झालं.

कागदांबद्दल थोडक्यात. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय वेशभूषेवर ग्रंथ लिहिला, तो शिल्पं, चित्रं आणि वाङ्मय यांच्या आधारावर. आपल्या मालवणात जन्मलेल्या या माणसाचं नाव फॅशनच्या मुलांना ठाऊक नसतं, याचा मला राग येतो. मुंबईच्या बायका कशा नेसत हे पाहायला एम. व्ही. धुरंधरांची चित्रं आहेत. फक्त चित्र हा पुरावा जपून वापरावा, कारण चित्रकार निऱ्या जुळवून घेतो. ताईंची ऑर्डरची वही मला त्याहून विश्वासाची वाटली. कुठल्या सालापासून ‘मस्तानी पॅटर्न’ मागायला लागले, ‘ब्राह्मणी’ किती आणि ‘पेशवाई’ किती, कुणी सहावारी आणून त्याची शिवून मागितली, सगळं पेनाने लिहिलेलं. जातीचं नाव असलेली नेसण पॅटर्न म्हणून कुणीही विकत घेऊ शकतं, हे त्या वहीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. त्यावर तिने एकच पान लिहिलं. मला वाटतं, तो स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. कुणाला हवा असेल तर घ्या.

“मुलाखती किती पुरेत?” हाही प्रश्न येतो. नवी बाई जुनंच सांगायला लागली, आणि पुढच्या दोघी-तिघींनीही काही वेगळं सांगितलं नाही, की थांबावं. गाईडला आकडाच हवा असेल तर गाईडलाच विचारा.

आणि आईवडिलांच्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे यातून कपडा काय निघाला? क्रिस्टोफर फ्रेलिंग या ब्रिटिश अभ्यासकाने १९९३ साली डिझाइनच्या संशोधनाचे प्रकार मांडले, त्यात करून बघत संशोधन करणं हाही एक आहे. तिने न कापता शिवायची नऊवारी करून बघितली. कापड अखंड, फक्त ठरावीक ठिकाणी लांब टाके आणि नाड्या. काष्टा खरा, पायांमधून जाणारा, पण मागे कमरेला हुकाने सुटणारा, म्हणजे बाथरूमचा प्रश्न मिटला. हंगाम संपला की टाके उसवायचे, लुगडं पुन्हा लुगडं. प्रत्येक नमुना का फसला याची नोंद तिने तारीखवार ठेवली होती. ती नोंद नसती तर ज्युरीने, म्हणजे परीक्षकांनी, त्याला नुसतं कलेक्शन म्हटलं असतं.

मावशीच्या गटाने ती घालून फुगडी घातली. टिकली. मग ती घेऊन ही मुलगी शिवणाऱ्या ताईंकडे गेली. ताईंनी उलटीसुलटी करून पाहिली, कौतुक केलं आणि म्हणाल्या, एवढ्या वेळात माझ्या दोन शिवून होतात, हिचे दुप्पट पैसे कोण देईल? त्यामुळे शेवटचं प्रकरण मजुरीवर लिहावं लागलं. सबमिशनची तारीख तोवर डोक्यावर आली होती.