अलास्काची २८ मतं

१९ जुलै २०१६ ची संध्याकाळ, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचं क्विकन लोन्स अरीना. रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारा राज्यवार पुकारा, म्हणजे एकेका राज्याने आपल्या प्रतिनिधींची मतं जाहीर करणं, नुकताच सुरू झाला होता. अलाबामा झालं, अलास्काचं नाव आलं, आणि आमच्या तक्त्यातली ती ओळ लाल झाली. एका वृत्तसेवेच्या मोजणीच्या टेबलावर आम्ही चौघं होतो. त्या लाल ओळीचं काय करायला हवं होतं, यावर माझं आजही पूर्ण समाधान नाही.

बाहेरच्यांना वाटतं की पुकाऱ्याच्या दिवशी आकडे ऐकायचे आणि बेरीज करायची. खरं काम त्याआधी दोन-तीन महिने चालतं. अधिवेशनात एकूण २,४७२ प्रतिनिधी, बहुमताला १,२३७. हे २,४७२ कसे होतात ते ज्याला हाताने मांडता येतं, त्यालाच पुढे चूक सापडते. प्रत्येक राज्याला सरसकट १०, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रत्येक मतदारसंघामागे ३, राष्ट्रीय समितीचे ३ सदस्य, आणि वर बोनस. बोनस मिळतो तो मागच्या निवडणुकीत पक्षाने ते राज्य जिंकलं का, गव्हर्नर कोणाचा, सिनेटर कोणाचे यावरून. अलास्काला मतदारसंघ एकच, म्हणून १० अधिक ३ अधिक ३ म्हणजे १६, आणि बोनस १२, एकूण २८. टेक्सासला तेव्हा मतदारसंघ ३६, तिथे हीच मांडणी बोनससकट १५५ वर जायची. राजधानीच्या डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाचे १९. पन्नास राज्यं, राजधानी आणि पाच बेटांचे प्रदेश मिळून तक्त्यात ५६ ओळी.

प्रत्येक ओळीला तीन रकाने. पहिल्यात राज्याच्या प्राथमिक (पक्षांतर्गत) निवडणुकीनुसार कोणाचे किती प्रतिनिधी बांधील आहेत ते. दुसऱ्यात सभागृहातल्या माइकवरून राज्याने काय जाहीर केलं ते. तिसऱ्यात व्यासपीठावरून अधिवेशनाच्या सचिवांनी काय उच्चारलं ते. तिन्ही जुळले तर ओळ पांढरी, नाहीतर लाल. तिसरा रकाना नवख्यांना फालतू वाटतो, कारण सचिव फक्त ऐकलेलं परत म्हणतात असा समज असतो. तसं नाही. अधिकृत नोंद सचिवांच्या तोंडून निघते, माइकवरून नाही. २०१६ च्या नियम १६ मध्ये हे स्पष्ट होतं: प्रतिनिधी ज्याला बांधील आहे त्यालाच त्याचं मत धरायचं, त्याने तोंडाने काहीही म्हटलं तरी.

ऐकण्याचीही एक शिस्त असते. राज्याचा प्रमुख माइक हातात घेतो आणि आधी आपल्या राज्याचं कौतुक सांगतो, मासे, डोंगर, फुटबॉलचा संघ, माजी राष्ट्राध्यक्ष. त्या भाषणात भलतेच आकडे येतात. कुणी राज्य स्थापनेचं वर्ष सांगतो, कुणी जिंकलेल्या जागा. म्हणून 'मतं' हा शब्द कानावर येईपर्यंत बोटं कळफलकावर टेकवायची नाहीत. आकडा टाकला की लगेच ओळीची बेरीज राज्याच्या एकूण संख्येशी जुळते का ते बघायचं. टाळ्यांत अर्धा आकडा बुडतो, तेव्हा वाहिनीच्या प्रक्षेपणावर भिस्त न ठेवता सभागृहाचा थेट आवाज वेगळ्या हेडफोनवर हवा. राज्य 'पास' म्हणालं तर ओळ पिवळी करून ठेवायची, पहिली फेरी संपल्यावर ते परत पुकारलं जातं.

आदल्या दिवशीच, १८ तारखेला, अधिवेशनाच्या नियमांच्या अहवालावर गोंधळ झाला होता. ट्रम्पविरोधी गटाला त्यावर राज्यवार मतदान हवं होतं. त्यासाठी किमान सात राज्यांमधल्या बहुसंख्य प्रतिनिधींच्या सह्या लागायच्या. अध्यक्षस्थानी असलेल्या स्टीव्ह वोमॅक यांनी आवाजी मतदानाने अहवाल मंजूर केला. आरडाओरडा झाल्यावर पुन्हा आवाजी मतदान घेतलं आणि मग सांगितलं की नऊ राज्यांचे अर्ज आले होते, पण काहींनी सह्या मागे घेतल्यामुळे तीन राज्यं अटीखाली गेली. राहिली सहा. आवाजी मतदान विरुद्ध मतविभागणी हा वाद मराठी वाचकाला नवा नाही, १२ नोव्हेंबर २०१४ ला महाराष्ट्राच्या विधानसभेत विश्वासदर्शक ठरावावर हेच झालं होतं. माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे: सह्यांचा हिशोब जाहीरपणे, राज्यांच्या नावांसकट वाचून दाखवायला हवा होता. मोजणाऱ्याने आकडा सांगून भागत नाही, आकडा कशातून आला तेही दाखवावं लागतं.

तर अलास्का. माइकवरून आलं: टेड क्रूझ १२, डोनाल्ड ट्रम्प ११, मार्को रुबिओ ५. बेरीज २८, आमच्या पहिल्या रकान्याशी तंतोतंत. व्यासपीठावरून नोंद झाली: ट्रम्प २८. थोड्या वेळाने डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया. त्यांनी सांगितलं रुबिओ १०, ओहायोचे तेव्हाचे गव्हर्नर जॉन केसिक ९. नोंद झाली: ट्रम्प १९. दुसरी लाल ओळ.

टेबलावर लगेच दोन तट पडले. माझा एक सहकारी, कामाला अतिशय पक्का, म्हणाला की प्रतिनिधींनी जे सांगितलं तेच आपण चालू बेरजेत धरायचं. संपादकांना पडद्यावर एकच आकडा हवा होता, दोन नकोत. मी तिसऱ्या रकान्याच्या बाजूने होतो, पण मलाही खुपत होतं ते पुढे टेक्सास आलं तेव्हा. टेक्सासने क्रूझ १०४, ट्रम्प ४८, रुबिओ ३ असं सांगितलं आणि नोंदही तशीच झाली. त्याच संध्याकाळी, त्याच सभागृहात, क्रूझ यांची टेक्सासमधली मतं ग्राह्य आणि अलास्कातली नाहीत.

यामागे कारण आहे, आणि ते राज्यांच्या पक्षनियमांत आहे. राजधानीच्या शाखेचा नियम असा होता की अधिवेशनात रीतसर नामांकन एकाचंच झालं तर सगळे प्रतिनिधी त्याच्याकडे. रीतसर नामांकनासाठी आठ राज्यांमधल्या प्रतिनिधींचं बहुमत लागायचं, आणि तसं नामांकन फक्त ट्रम्प यांचंच झालं. म्हणजे तिथली नोंद नियमाला धरून होती, आमचा पहिला रकानाच अपुरा होता. ती चूक आमची. नियम वाचताना आम्ही वाटपाच्या कलमावर थांबलो होतो.

अलास्काचं तसं सरळ नाही. तिथला नियम म्हणत होता की उमेदवार शर्यतीतून बाहेर पडला तर त्याचे प्रतिनिधी उरलेल्यांत वाटायचे. पण बाहेर पडणं म्हणजे काय? अमेरिकेत उमेदवार सहसा 'माघार' म्हणत नाहीत, 'मोहीम स्थगित' म्हणतात. क्रूझ ३ मे रोजी इंडियानात हरल्यावर तसंच म्हणाले होते. रुबिओ तर १५ मार्चला थांबले आणि त्यांनी अलास्कासह बऱ्याच राज्यांच्या शाखांना पत्र लिहून आपले प्रतिनिधी आपल्याकडेच ठेवायला सांगितलं. अलास्काच्या शाखेने त्यांचे पाच परतही केले. राज्यशाखा एक अर्थ लावते, राष्ट्रीय सचिव दुसरा, आणि नोंदीच्या क्षणी सचिवांचा अर्थ चालतो.

अलास्काच्या प्रतिनिधींनी हरकत घेतली, एकेका प्रतिनिधीला विचारा अशी मागणी केली. तेव्हाचे पक्षाध्यक्ष राइन्स प्रीबस यांनी नंतर व्यासपीठावरून नियमाचा खुलासा केला आणि २८ चा आकडा कायम राहिला. खुलासा त्या क्षणी, आकड्यासोबतच यायला हवा होता. नियम बरोबर असू शकतो, पण आपलं मत दुसऱ्याच्या नावावर वाचलं जाताना उभ्या माणसाला त्याचं कारण तिथेच कळलं पाहिजे.

दरम्यान न्यूयॉर्कच्या ८९ मतांनी ट्रम्प १,२३७ च्या पुढे गेले होते. शेवटचा अधिकृत आकडा १,७२५. दोन्ही लाल ओळींचा फरक धरला तर अलास्काची १७ आणि राजधानीची १९ मिळून ३६ मतं. ती वजा केली तरी १,६८९, निकाल तोच. संपादक म्हणाले, मग सोडून द्या. आम्ही सोडलं नाही. चालू बेरीज सचिवांच्या नोंदीनुसार दिली आणि खाली तळटीप टाकली, जाहीर केलेले आकडे राज्यनिहाय देऊन. तो तोडगा होता, उत्तर नव्हे. अलास्काच्या ओळीत तिसऱ्या रकान्यावर भरवसा ठेवला, तो नियम पटला म्हणून की नोंद करणारा तिथे बसला होता म्हणून, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

त्यानंतर तक्त्यात चौथा रकाना घातला: उमेदवाराने प्रतिनिधी लेखी मोकळे केले का, कोणत्या तारखेला, आणि राज्यशाखेने ते पत्र मान्य केलं का. २०२४ ला ट्रम्प यांच्या पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी निकी हेली यांनी मिलवॉकीच्या अधिवेशनाआधी, ९ जुलैला, आपले ९७ प्रतिनिधी मोकळे केले. त्या वर्षी तो रकाना भरायला दोन मिनिटं लागली.