शिवी कोणाची खपते

कारखान्यातील कामगारावर गैरवर्तनाचा आरोप ठेवला की शिक्षेआधी खातेअंतर्गत चौकशी करावी लागते, आणि ती कंपनीबाहेरच्या एखाद्या वकिलाकडे सोपवण्याची पद्धत कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत बरीच रुळलेली आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात मी चौकशी अधिकारी म्हणून अशी कामे करतो. गैरहजेरी, रात्रपाळीत झोपणे, भंगाराची चोरी, मारामारी हे नेहमीचे विषय असतात. शिवीगाळीचा आरोप बहुधा यांतल्या एखाद्याच्या शेपटीला जोडलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. काही वर्षांपूर्वी एका फाउंड्रीतून आलेल्या प्रकरणात मात्र शिवी हाच एकमेव आरोप होता, आणि त्यावर एका जुन्या, कामात वाकबगार असलेल्या कामगाराची नोकरी अवलंबून होती.

घटना दोन होत्या आणि दोन्ही एकाच पाळीत घडलेल्या होत्या. सकाळी साच्यांत धातू ओतण्याचे काम चालू असताना, पुण्याहून नुकताच बदलून आलेला पाळी पर्यवेक्षक लॅडलच्या, म्हणजे वितळलेला धातू वाहून नेणाऱ्या मोठ्या पळीच्या, वाटेत मोबाइल पाहत उभा होता, तेव्हा हा कामगार "ए रांडेच्या, सरक की बाजूला!" असे ओरडला. संध्याकाळी टाइम ऑफिसमध्ये अर्ध्या दिवसाच्या रजेवरून त्याच दोघांची बाचाबाची झाली, आणि तिथे कामगाराने पर्यवेक्षकाला चारचौघांत आईवरून शिवी दिली. पर्यवेक्षक त्याच रात्री पोलीस ठाण्यातही जाऊन आला होता. तिथे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 504 आणि 506 खाली अदखलपात्र नोंद झाली. शिवीगाळीच्या बहुतेक तक्रारींचा प्रवास आपल्याकडे या नोंदवहीपाशीच थांबतो, आणि एका अर्थाने ते बरेच आहे.

कंपनीने दिलेल्या पहिल्या आरोपपत्रात "अर्वाच्य व अश्लील भाषेत शिवीगाळ केली" एवढेच लिहिले होते. कामगाराच्या बचाव प्रतिनिधीने, म्हणजे युनियनच्या एका निवृत्त टर्नरने, पहिल्याच तारखेला हरकत घेतली की कोणते शब्द उच्चारले हे सांगितल्याशिवाय आरोपाला उत्तर देता येत नाही. हरकत योग्य होती. मोघम आरोपावरची चौकशी पुढे कामगार न्यायालयात टिकत नाही, आणि शब्द अश्लील होते की नुसते उर्मट होते हे ठरवायचे तर ते शब्द कागदावर असावेच लागतात. मग सुधारित आरोपपत्र आले. नियमाप्रमाणे ते कामगाराला समजेल अशा भाषेत वाचून दाखवण्याचे काम व्यवस्थापनाच्या प्रतिनिधीचे होते, आणि त्या प्रतिनिधी म्हणजे मनुष्यबळ विभागातील एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी पार्ट नंबर वाचावा तशा सपाट आवाजात दोन्ही वाक्ये वाचली आणि कागद खाली ठेवला. आरोपी कामगाराने मात्र मान खाली घातली. टाइम ऑफिसात सर्वांसमोर जे बोलताना त्याला काही वाटले नव्हते, ते त्या बाईंच्या तोंडून ऐकताना तो ओशाळल्याचे खोलीतल्या सर्वांना दिसले.

पर्यवेक्षकाची सरतपासणी लवकर आटोपली. दोन्ही वेळी आपला अपमान झाला, हाताखालच्या लोकांसमोर झाला, आणि त्यानंतर आपले कोणी ऐकेनासे झाले, असे त्याने सांगितले. त्यात खोटे काही नव्हते. उलटतपासणीत बचाव प्रतिनिधीने आधी ओतकामाची माहिती काढून घेतली. त्या दिवशी एसजी आयर्नची, म्हणजे मॅग्नेशियम घालून बनवायच्या ओतीव लोखंडाची, हीट (भट्टीची खेप) होती. भट्टीतून काढलेल्या लोखंडात मॅग्नेशियम मिसळल्यावर त्याचा परिणाम काही मिनिटांतच उतरू लागतो, त्यामुळे लॅडल भरली की ती न थांबता साच्यांपर्यंत न्यावी लागते, आणि त्या वेळी धातूचे तापमान चौदाशे अंशांच्या आसपास असते. हे सर्व पर्यवेक्षकाने मान्य केले. अशा वेळी वाटेत उभ्या असलेल्या माणसाला "साहेब, कृपया बाजूला व्हा" असे म्हणायला सवड असते का, या प्रश्नावर तो जरा थांबला आणि "नसते, पण नुसते 'बाजूला' असेही ओरडता येते" असे म्हणाला. उत्तर चांगले होते आणि मी ते जसेच्या तसे नोंदवले.

त्यानंतरचा भाग माझ्या चांगला लक्षात राहिला आहे. तुम्ही स्वतः कामावर शिव्या देता का, असे प्रतिनिधीने विचारले. नाही, असे उत्तर आले. मग काही कास्टिंग नापास झाल्याच्या एका प्रसंगाचा हवाला देऊन प्रतिनिधीने विचारले की त्या दिवशी तुम्ही सगळ्या लाइनला उद्देशून इंग्रजीतला 'एफ' अक्षराचा शब्द किती वेळा वापरला, ते सांगता का. पर्यवेक्षक म्हणाला, "तो शब्द वापरला असेन, पण ती शिवी नव्हे. ती बोलण्याची पद्धत आहे, वर ऑफिसात सगळेच तसे बोलतात." मला वाटले की आता हा म्हातारा पुढचा टोला मारणार. पण त्याने चष्मा काढून खिशात ठेवला आणि उलटतपासणी संपल्याचे सांगितले. कुठे थांबावे हे न कळल्यामुळे आमच्यातले अनेक वकील हातातली साक्ष घालवून बसतात. त्या टर्नरला ते कळत होते.

बचावाच्या बाजूने कोअर शॉपमधील, म्हणजे साच्यात बसवायचे गाभे बनवणाऱ्या विभागातील, एक वयस्क कामगार बाई साक्षीला आल्या. पर्यवेक्षक बायकांशी कसे बोलतो, असे त्यांना विचारले गेले. वाईट बोलतात, एवढेच त्यांनी सांगितले. नेमके शब्द सांगा, असे मला म्हणावे लागले, कारण जो नियम आरोपीला लावला तो इथेही लावायला हवा होता. त्यांनी टंकलेखन करणाऱ्या मुलाकडे पाहिले आणि या पोरादेखत मी बोलणार नाही, म्हणून ठाम नकार दिला. व्यवस्थापनाच्या प्रतिनिधी बाईंनी मग उलटतपासणीत सुचवले की तुम्हाला शिव्यांची सवय नसल्यामुळे साधे रागावणेही तुम्हाला शिवीसारखे वाटले असेल. त्यावर त्या जे बोलल्या ते मी त्यांच्याच बोलीत नोंदवून घेतले : "सवय न्हाई कशी? शिव्या मलाबी येत्यात. पाण्याच्या नळावर दिल्यात, बांधावरनं दिल्यात. पर तितं म्या दिली की ती बाईबी मला देती. ह्यास्नी म्या एक दिली तर उद्या मला गेटावरच उभी करतील की न्हाई, तुमीच सांगा." व्यवस्थापनाच्या प्रतिनिधींनी पुढे काही विचारले नाही.

या साक्षीने प्रकरणाचा कणाच माझ्यापुढे उघडा झाला. तोपर्यंतचा बचाव असा होता की कोल्हापूरकडे "रांडेच्या" ही शिवी उरलेलीच नाही. तालमीत, चहाच्या गाड्यावर, मित्रांच्या कट्ट्यावर ती लाडाने दिली जाते, आणि आजोबाही नातवाला त्याच शब्दाने जवळ ओढतात. हे खरे आहे, मी इथेच वाढलो आहे. मात्र "कोल्हापुरी माणूस असाच बोलतो" हे वाक्य मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे, कारण हाच माणूस बँकेच्या व्यवस्थापकाशी, सासऱ्यांशी किंवा देवळातल्या पुजाऱ्याशी तसा बोलत नाही. कोणापुढे जीभ सैल सोडायची आणि कोणापुढे आवरायची, हे त्याला नीट माहीत असते. त्यामुळे शब्दाला प्रदेशात मान्यता आहे की नाही हा प्रश्न मागे पडतो, आणि ज्याला उद्देशून तो शब्द बोलला जातो त्याला तो परत करण्याची मुभा आहे की नाही, हा प्रश्न उरतो.

आपल्याकडच्या ज्या जागी शिव्यांना उघड मोकळीक आहे तिथे हेच दिसते. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात. "बोरीचा बार" म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि पाहायला मोठी गर्दी लोटते. त्यात कोणाचा अपमान होत नाही, कारण दोन्ही काठांवर तोंडे उघडी असतात. एका काठावरच्या बायकांना उलट बोलल्यास रोजगार जाण्याची भीती असती, तर त्याला बार कोणी म्हटले नसते.

कारखान्यात हे दोन काठ समान नसतात. पर्यवेक्षकाचा इंग्रजी शब्द त्याच्या लेखी बोलण्याची पद्धत ठरतो आणि कामगाराचा मराठी शब्द आरोपपत्रात जातो, याला शब्दांतील अश्लीलतेचे मोजमाप कारण नसते. वरून खाली येणारी शिवी शिस्तीत मोडते आणि खालून वर जाणारी शिस्तभंगात मोडते, एवढेच त्याचे कारण असते. आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यांतील सेवेच्या नियमांच्या सरकारी नमुन्यात, "दंगेखोर, बेशिस्त किंवा असभ्य वर्तन" हे गैरवर्तन आहे. तरीही हाताखालच्या माणसाला शिवी दिली म्हणून एखाद्या पर्यवेक्षकावर आरोपपत्र ठेवल्याचे एकही प्रकरण माझ्याकडे आजवर चौकशीसाठी आलेले नाही. आणखी एक गोष्ट इथेच नोंदवतो : दोन पुरुषांच्या या भांडणात उच्चारली गेलेली प्रत्येक शिवी कुठल्या ना कुठल्या बाईवरून होती, आणि ती कागदावरून वाचण्याचा किंवा तोंडाने सांगण्याचा भार खोलीतल्या दोन बायकांवरच आला.

युक्तिवादात दोन्ही बाजूंनी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल दाखल केले. युनियनने 1982 चा, उत्तर प्रदेशातील एका कामगाराचा निकाल दिला. त्यात दीर्घ आणि निष्कलंक सेवा असलेल्या माणसाला केवळ अनुचित, धमकीवजा भाषेसाठी बडतर्फ करणे न्यायालयाने अवाजवी ठरवले होते आणि त्याऐवजी दोन वेतनवाढी रोखण्याची शिक्षा दिली होती. व्यवस्थापनाने 2005 चा महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा निकाल ठेवला. तिथे वरिष्ठाला गलिच्छ शिवीगाळ करणाऱ्या कामगाराची बडतर्फी कामगार न्यायालयाने रद्द केली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. दोन निकालांत तेवीस वर्षांचे अंतर आहे आणि त्या काळात न्यायालयांचा कल व्यवस्थापनाकडे बराच सरकला, हे उघड आहे. शिवराळ भाषा ऐकताना किळस आली तरी तेवढ्याने ती कायद्याच्या अर्थाने अश्लील ठरत नाही, असे पुढे मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेबमालिकेच्या प्रकरणात म्हटले. परंतु तो प्रश्न फौजदारी कायद्याचा होता. कारखान्याच्या शिस्तीचे माप वेगळे असते आणि ते वेगळे असण्याला माझी हरकत नाही.

माझा अहवाल मी त्या आठवड्यातच दिला. सकाळचे शब्द उच्चारले गेल्याचे सिद्ध झाले, पण ते धोक्याचा इशारा म्हणून उच्चारले होते, त्यामागे अपमानाचा हेतू नव्हता, म्हणून तो भाग गैरवर्तन ठरत नाही, असे मी लिहिले. संध्याकाळची शिवी सिद्ध झाली आणि ती गैरवर्तनच ठरते, असेही लिहिले. तिथे धातू थंड होत नव्हता, वाटेत कोणी उभे नव्हते, आणि समोरच्याला दुखावण्यापलीकडे त्या शब्दांना दुसरे काम नव्हते. रजा नाकारली म्हणून राग येणे मला समजते. त्या रागात एका अनोळखी आईला ओढणे मी समजून घेऊ इच्छित नाही. शिक्षा सुचवण्याचा अधिकार चौकशी अधिकाऱ्याला नसतो. मात्र पुराव्यात जे आले ते नोंदवण्याचा असतो, म्हणून पर्यवेक्षकाचे "बोलण्याची पद्धत" हे उत्तर आणि कोअर शॉपमधील बाईंचे म्हणणे मी निष्कर्षाच्या परिच्छेदात शब्दशः उतरवले, आणि पर्यवेक्षकाच्या वर्तनाची स्वतंत्र दखल व्यवस्थापनाने घ्यावी की नाही हा निर्णय त्यांच्याकडे राहतो, एवढे एक वाक्य जोडले.

बडतर्फीच्या तयारीने सुरू झालेले प्रकरण चार दिवसांच्या निलंबनावर मिटले. स्थायी आदेशांप्रमाणे शिक्षा म्हणून त्याहून जास्त दिवस निलंबित करताही येत नाही. कामगाराने ती शिक्षा मुकाट्याने स्वीकारली. पर्यवेक्षकाला बोलावून तोंडी समज दिल्याचे मला सांगण्यात आले. त्याचा कागद मात्र मी पाहिलेला नाही.

पुढे दुसऱ्या एका चौकशीसाठी त्याच कारखान्यात गेलो असता टाइम ऑफिसच्या भिंतीवर मराठीत टंकलेली सूचना दिसली, की आवारात कोणीही कोणालाही शिवीगाळ केल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. तिचा मसुदा त्याच मनुष्यबळ अधिकारी बाईंनी केला होता, आणि मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत तो केला होता, असे त्यांनी सांगितले. इंग्रजी प्रत वरच्या मजल्यावर लावायची होती. ती का लावली नाही, असे मी विचारले. "वर त्याची गरज नाही असे ठरले," असे म्हणून त्यांनी मला हातातली प्रत दाखवली आणि पुढच्या चौकशीचे कागद काढले.