तुम्ही विचारलंत म्हणून: तिथे पाणी आहे का?

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी कुणीतरी गाठतंच: "ते सात ग्रह सापडले होते ना, तिथे पाणी आहे का हो?" सात ग्रह म्हणजे ट्रॅपिस्ट-१ या लालसर, मिणमिणत्या ताऱ्याभोवतीचे. ते २०१७ साली जाहीर झाले. अंतर साधारण ४० प्रकाशवर्षं. तारा नेमका कुंभ राशीत आहे, त्यामुळे घड्यात पाणी असणारच, असंही एका काकांनी मला ऐकवलंय.

माझं उत्तर दुधापासून सुरू होतं. वडील गावच्या डेअरीत दूध घ्यायला बसायचे. पाणी घातलेल्या दुधात लॅक्टोमीटर जास्त बुडतो, चोरी पकडली जाते. पण मुरलेला गडी आधी साय काढायचा. साय हलकी, ती गेली की दूध जड. मग बेताचं पाणी घातलं की आकडा पुन्हा जागेवर!

ग्रहांचं तेच. ताऱ्याचा उजेड किती झाकला यावरून आकार कळतो. ग्रह एकमेकांना ओढतात, म्हणून ताऱ्यासमोर यायला कधी लवकर, कधी उशीर, त्यावरून वजन. त्यातून घनता. २०२१ मध्ये हा हिशेब फार बारकाईने झाला. पृथ्वीच्याच मालमसाल्याचे असते तर जितके भरले असते, त्याहून हे सुमारे ८ टक्के हलके निघाले. पाणी असेल. किंवा लोखंड कमी असेल: पृथ्वीत ३२ टक्के, तिथे २१च्या आसपास. किंवा लोखंड बक्कळ, पण सगळं गंजलेलं. आकडा तोच येतो.

आणि आपल्या डोळ्यांसमोरचा समुद्र तर या तराजूवर दिसतच नाही. पृथ्वी दहा हजार किलोची धरा, सगळे महासागर मिळून भरतील जेमतेम सव्वादोन किलो. तिथून कुणी आपल्याला तोललं तर कोरडा दगड समजून पुढे जाईल.

सर्वांत आतला 'बी' ग्रह मात्र यादीतून काढा. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्याची दिवसाची बाजू मोजली, २३० अंश सेल्सिअस. हवेचं पांघरूण जवळपास नाहीच. बाहेरच्या ग्रहांवर वाफ शोधावी, तर वेगळीच पंचाईत. तारा इतका थंड, की त्याच्या स्वतःच्या वातावरणातच पाण्याची वाफ आहे. मापाचं भांडंच ओलं! म्हणून आता 'बी' आणि चौथा 'ई' पाठोपाठ ताऱ्यासमोरून जाताना पाहतात. बिनहवेच्या 'बी'वेळी दिसेल ती वाफ ताऱ्याची, ती वजा करायची.