आईची पाळी केव्हा गेली?

मंगळवार, रात्री साडेदहा

डॉक्टरांनी आज माझा रक्ताचा अहवाल पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो आईविषयी: तिची पाळी कोणत्या वयात गेली? लवकर पाळी जाणे घराण्यात चालत येऊ शकते, म्हणून. मला सांगता आले नाही. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मला नावानिशी पाठ आहेत. हे मात्र कधी विचारलेच नव्हते.

माझे एएमएच ०.७ आले आहे. अंडाशयातील लहान पुटिकांमधून, म्हणजे ज्यांत एकेक स्त्रीबीज वाढते त्या पिशव्यांमधून, स्रवणारे हे संप्रेरक शिल्लक स्त्रीबीजांचा अंदाज देते, आणि ३४ व्या वर्षी हा आकडा कमीच समजला जातो. सोनोग्राफीतही दोन्ही बाजू मिळून पाचच पुटिका दिसल्या. शरीर नवी बीजे तयार करत असते, असे मी इतकी वर्षे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असताना तिच्याजवळ ६० ते ७० लाख बीजे असतात, जन्मताना १० ते २० लाख आणि वयात येताना ३ ते ४ लाख उरतात. त्यांतली जेमतेम ४०० ते ५०० पक्व होऊन सुटतात, बाकीची आपोआप विरून जातात.

हा आकडा बीजांची संख्या सांगतो, कस नव्हे; कस मुख्यतः वयावर ठरतो, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितले, बहुधा माझा चेहरा पाहून. दर महिन्याला एक बीज सुटत असेल तर दिवस राहू शकतात. पण आम्हाला प्रयत्न करून दीड वर्ष झाले आहे, आणि आयव्हीएफची (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचाराची) इंजेक्शने त्या महिन्यात असलेल्या पुटिकाच वाढवतात, नव्या निर्माण करत नाहीत. चार वर्षांपूर्वी चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयातली जुन्या रक्ताने भरलेली गाठ, काढली, तेव्हा सिस्टच्या आवरणाबरोबर अंडाशयाचा निरोगी भागही जाऊ शकतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. याचा राग अजून गेलेला नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. बराच वेळ थांबून ती म्हणाली, "एकेचाळिसाव्या वर्षी. तुझ्या मावशीचंही तसंच." कधी बोलली का नाहीस, असे विचारल्यावर म्हणाली, "त्यात सांगण्यासारखं काय होतं? सुटले, एवढंच वाटलं."

मग तिनेच विचारले, "धाकटीला सांगायला हवं का गं?"

धाकटी २८ वर्षांची आहे. उद्या तिला फोन मीच करणार आहे.