सहा तंबू, चौदा तंबू आणि परत नऊ

२०१३ साली सातपूर एमआयडीसीतली नोकरी सोडली, तेव्हा हाताशी सहा तंबू, एक जुनी पिकअप आणि बायकोचा अर्धामुर्धा होकार एवढंच भांडवल होतं. भंडारदरा जलाशयाकाठी एका काकांची भातखाचरं कापणीनंतर रिकामी असतात, ती पाहुण्यांच्या तंबूतल्या मुक्कामासाठी भाड्याने घेतली. आजूबाजूचं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं, जमीन काकांच्या सातबाऱ्यावरची. "पलीकडे त्या झाडांत तंबू लावू द्या की" म्हणणाऱ्यांना हा फरक समजावण्यातच पहिली दोन वर्षं गेली.

धंदा वाढला काजव्यांमुळे. मेअखेर वळवाचे एक-दोन शिडकावे झाले की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं खालपासून शेंड्यापर्यंत लुकलुकायला लागतात. मुंबई-पुण्याहून गाड्यांची रांग लागते. २०१६ला आम्ही चौदा तंबूंवर गेलो. स्पीकर आणला, शेकोट्या पेटवल्या, पायवाटेवर एलईडीच्या माळा सोडल्या. आता लिहायला लाज वाटते, पण त्या माळांचाच फोटो आमच्या जाहिरातीत होता!

पुढच्या वर्षी एका शनिवारी एका पाहुण्याने हेडलाइटचा झोत हिरड्यावर टाकला आणि तसाच ठेवून फोटो काढत बसला. अख्खं झाड विझलं. दिवे बंद केल्यावरही बराच वेळ अंधारच. काका ओट्यावरून म्हणाले, "त्यांचं लगीन चाललंय, अन् तुम्ही तोंडावर बॅटऱ्या मारताय."

काकांनी थट्टेत सांगितलं ते शब्दशः खरं निघालं. लुकलुक म्हणजे नराने मादीला घातलेली साद. पंख फुटलेल्या काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं, त्यात जोडीदार सापडला नाही तर संपलंच. अळ्या मात्र कितीतरी महिने ओल्या मातीत गोगलगायी खात वाढतात. म्हणजे फोटोसाठी झाडाखालची जमीन तुडवणारे आमचे पाहुणे पुढच्या हंगामाचे काजवेच पायाखाली घेत होते, आणि त्यांना तिथे नेऊन उभं करणारे आम्ही.

माळा उतरवल्या. स्पीकर विकला. गाड्या डांबरी रस्त्यावरच थांबतात, बॅटरीला लाल कागद लागतो, झाडापासून वीस पावलांवर दोरी. तंबू नऊ केले, माणशी दर नऊशेचा चौदाशे. ग्रुपवाले तुटले; "म्युझिक नाही तर मग करायचं काय?" असं विचारणारे फोन अजून येतात. २०१८चं उत्पन्न तिसऱ्या हिश्शाने घटलं, आणि त्या वर्षी घरात आमचं बोलणं फारसं गोड नव्हतं, एवढंच सांगतो.

सावरलं ते हिवाळ्यातल्या पाहुण्यांमुळे. रतनगड, सांधण दरी, अमृतेश्वराचं मंदिर पाहायला येणारी मंडळी शांत असतात. वाटाड्ये गावातलेच, पिठलं-भाकरी मावशींच्या हातची. प्लॅस्टिक ज्याचं त्याने परत न्यायचं, जाताना पिशवी बघितली जाते. त्यावरून एकदोघे चिडतातच.

तंबू १० जूनच्या आत उचलायचे, कारण काकांना भाताची रोपं टाकायची असतात. २०२५ला पाऊस मेमध्येच उतरला. जूनच्या शनिवारच्या सगळ्या बुकिंगचे पैसे परत केले, चिखलात तंबू गुंडाळले, आणि दुसऱ्या दिवशी काकांनी खाचरात औत घातलं.